रशीदचाचांची हजेरी

रविवारी सकाळी आठ वाजता आमच्या घरात साधं भांडं पडलं तरी मी खेकसायची. एरवी आमचं घर म्हणजे आवाजांचा बाजार. खडकेश्वरच्या अंगाला एका घरमालकाच्या माडीवर दोन खोल्या आणि वरची गच्ची, एवढंच आमचं राज्य. पण आईचा आवाज फुलंब्रीच्या शेतात वाढलेला होता, या बांधावरून त्या बांधावर जाणारा, आणि शहरात येऊन इतकी वर्षं झाली तरी तो तिनं तसूभरही कमी केला नव्हता. त्यात स्टोव्हची भरभर, खाली नळावर मालकीणबाईंचं रोजचं भांडण, आबांचा खाकरा आणि धाकट्या भावाचं मोठ्यानं पाठांतर. या सगळ्याला रविवारी अर्धा तास मी कुलूप घालायची. कानावर हेडफोन, समोर पत्र्याच्या पेटीत मी स्वतः जोडलेला ट्रान्समीटर, उजव्या हाताशी मोर्सचा पितळी खटका, मांडीवर वही. आई सुशीला परतता परतता आबांकडे बघून मान हलवायची. (सुशीला म्हणजे भिजवलेल्या मुरमुऱ्यांना दिलेली खमंग फोडणी. माझ्या पुण्याच्या सुनेला मी हे अजून समजावून सांगते आणि ती अजून हसते.) "सुतारपक्षी बरा," आई म्हणायची, "त्यो निदान झाडावर तरी बसतो. ही घरात बसून टकटक करायली."

गच्चीवर बांबू उभारून तिथून शेजारच्या कडुलिंबापर्यंत मी तांब्याची तार ताणली होती. माझ्या लेखी ती एरियल, आईच्या लेखी कपडे वाळत घालायची दोरी. तिच्या ओल्या लुगड्यांनी ती तार इतकी झोळ खायची की दहा मैलांवरचा माणूससुद्धा मला "कोण बोलतंय?" म्हणून विचारायचा. एकदा मी चिडून तिचं लुगडं तारेवरून ओढून काढलं, तर तिनं मला दोन दिवस जेवायला वाढलं पण बोलली नाही. शेवटी आबांनी दुसरी दोरी आणून दिली, आणि तरीही घाईच्या दिवशी आबांचा सदरा हटकून माझ्या तारेवरच सापडायचा. पाटबंधारे खात्यात कारकुनी करणाऱ्या माझ्या बापाला या सगळ्यातलं काही कळत नव्हतं. पण सरकारी परवाना आपल्या पोरीच्या नावानं आलाय, त्यावर शिक्का आहे, एवढं त्यांना कळत होतं, आणि तो परवाना त्यांनी काचेच्या चौकटीत घालून देवांच्या तसबिरींशेजारी लावला होता. येणाऱ्या-जाणाऱ्याला तो दाखवल्याशिवाय चहा मिळायचा नाही.

हौशी रेडिओवाल्यांचा, म्हणजे हॅम लोकांचा, आमचा क्लब अगदी लहानसा होता. चौदा जण. घरी यंत्र बसवायचं आणि परवाना घेऊन हवेतून एकमेकांशी, जमलं तर दूरदेशीच्या माणसाशी बोलायचं, एवढाच उद्योग. त्यात घड्याळं दुरुस्त करणारे होते, एक दाताचे डॉक्टर होते, देवगाव रंगारीचे एक पाटील होते जे ट्रॅक्टरच्या बॅटरीवर यंत्र चालवायचे, आणि चौदाजणांत बाईमाणूस मी एकटी, बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला असलेली. क्लबाचे चिटणीस कुलकर्णी सर. आम्हाला ते फिजिक्स शिकवायचे. शिस्तीचा माणूस, कडक इस्त्रीचा आणि कडक चहाचा. क्लबाची सगळ्यांत जुनी रीत म्हणजे रविवारचा पुकारा. सर आठ वाजता हवेवर यायचे आणि एकेकाचं कॉलसाइन पुकारायचे, म्हणजे परवान्यावरचं सरकारी नाव. ज्यानं त्यानं "हजर" म्हणायचं. तीनदा पुकारूनही ज्याचं उत्तर आलं नाही त्याच्या नावापुढं फुली. आणि ज्याच्या नावापुढं फुली पडली त्याच्या घरी त्याच दिवशी दुपारी जेवणखाण आटोपल्यावर कुणीतरी सायकल मारून जाऊन यायचं, माणूस बरा आहे ना बघायला. बहुतेक वेळा माणूस लग्नाला गेलेला असायचा नाहीतर झोपलेला. तरी जायचंच. टेलिफोन क्लबात दोघांकडंच होता.

फुलीला दंडही होता. लागोपाठ तीन रविवार फुली पडली की साऱ्या क्लबाला घरी बोलावून नाष्टा घालायचा. सांगून गेलात, न सांगता गेलात, वीज गेली, यंत्र बिघडलं, सर काही ऐकायचे नाहीत. "फुली म्हणजे फुली," म्हणायचे. दंड तसा गमतीचाच होता. दातांच्या डॉक्टरांच्या घरी आम्ही इमरती खाल्ली होती, पाटलांनी तर दंड नसतानाच हुरड्याला बोलावलं होतं.

आता रशीदचाचांबद्दल सांगायला हवं, कारण हे प्रकरण त्यांचं आहे. ते तारघरातून रिटायर झालेले. निजामाच्या काळात पोरसवदा वयात मोर्स शिकले, पोलीस ॲक्शननंतर खात्याचं नाव बदललं, साहेब बदलले, कागदावरची भाषा बदलली. "खटका तोच राहिला," ते म्हणायचे, "टिंब म्हणजे टिंब, रेघ म्हणजे रेघ. बाकी सब बदल गया." बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी नसीम हैदराबादला दिलेली. मुकुंदवाडीला रेल्वेच्या रुळांजवळ दोन खोल्यांत एकटे राहायचे. तेव्हाची मुकुंदवाडी म्हणजे खेडंच, स्टेशन नावाला. माझ्या परवान्याच्या परीक्षेत मोर्स होतं, आणि कुलकर्णी सरांनी मला चाचांकडं पाठवलं. दर गुरुवारी मी सायकलीवरून इतक्या लांब जायची. आई आधी नाय म्हणाली होती, मग एकदा स्वतः सोबत आली, चाचांनी तिला "बहन, बैठो" म्हणून घरातली एकुलती एक खुर्ची दिली आणि स्वतः उभे राहिले. येताना आई म्हणाली, "मानूस चांगला हाय. वाळलाय मात्र. काय खातो का नाय कुनास ठाऊक." त्यानंतरच्या प्रत्येक गुरुवारी माझ्या सायकलीच्या कॅरिअरला धपाट्यांचा डबा असायचा.

चाचांकडं माइक होता, पण ते त्याला हात लावत नसत. "तोंडानं बोलायला बाजारात आहेत की लोकं," म्हणायचे. त्यांचं सगळं बोलणं खटक्यातून. आणि हे ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांगते, खटक्यावरचा प्रत्येकाचा हात वेगळा असतो. अक्षरं तीच, पण कुणी घाई करतं, कुणी अडखळतं, कुणाचं टिंब जरा जाड पडतं. ऐकणारा दोन अक्षरांत माणूस ओळखतो. चाचांचा हात तर असा की शेवटची रेघ ते किंचित लांब ओढायचे, मग एक श्वास थांबायचे, आणि मग दोन टिंबं हलकेच टाकायचे. त्या दोन टिंबांना काही अर्थ नव्हता. तारघरातली सवय, दुसरं काय. मी त्यांच्याच हाताखाली शिकले, त्यामुळं माझा स्वतःचा हात बसायच्या आधी त्यांचाच हात माझ्या बोटांत बसला. क्लबाच्या चहाला मी चमच्यानं बशीवर सगळ्यांच्या नकला करायची. सरांचा ताठ हात, पाटलांचा रेटून बोलणारा हात. पण चाचांची नक्कल केली की सगळे टाळ्या वाजवायचे, आणि चाचा सगळ्यांत मोठ्यानं. मला त्याचा भारी गर्व होता. खोटं कशाला सांगू, परवान्यापेक्षा त्याचा जास्त होता.

त्या उन्हाळ्यात चाचांच्या दोन फुल्या झाल्या. पहिल्या रविवारी ते नसीमकडं गेले होते. दुसऱ्या रविवारी मुकुंदवाडीची वीज गेली होती. तिसरी पडली असती तर दंड. आणि मला माहीत होतं, चाचा दंड हसण्यावारी नेणारे नव्हते. चौदाजणांना खिलवायचं म्हणजे नान आणि मटणाचा खलिया हवा, मोठं पातेलं हवं, बसायला सतरंजी हवी, आणि हे सगळं ते कुणाकुणाच्या दारात जाऊन मागत बसले असते, त्या उन्हात, त्या वयात. गुरुवारी मी गेले तेव्हा थट्टेत म्हणालेसुद्धा, "चाचा, या रविवारी नाही आलात तर खलिया पक्का." ते म्हणाले, "हौ, देखतूं." चेहरा जरा उतरलेला वाटला. मी मनावर घेतलं नाही.

मग तो रविवार. बाहेर आठलाच ऊन तापलेलं, आई गच्चीवर कुरडया घालून खाली आलेली. सरांनी पुकारा सुरू केला. एक एक नाव. माझं आलं, मी खटक्यावर "हजर" केलं. मग चाचांचं कॉलसाइन. उत्तर नाही. दुसऱ्यांदा. नुसती खरखर. मी मनात म्हणते आहे, उठा ना चाचा, उठा. तिसऱ्यांदा सरांनी पुकारलं, आणि त्यांच्या आवाजात मला फुलीसाठी पेन्सिल टेकवल्याची घाई ऐकू आली. पुढं मी काय केलं ते मी केलं असं म्हणायचीही मला लाज वाटते, इतकं ते पटकन झालं. बोटं खटक्यावर गेली. चाचांचं कॉलसाइन, "हजर", शेवटची रेघ लांब, एक श्वास, दोन टिंबं.

"या, रशीदभाई!" सर हसून म्हणाले. "आज भलतेच जोरात येताय. एरियल बदलली वाटतं?" आणि पुढच्या नावाकडं वळले. मी स्वतःशीच हसत होते. गुरुवारी चाचांना हे कसं सांगायचं, ते कसे मांडीवर थाप मारतील, याची मी वाक्यं जुळवत होते. मूर्ख होते, अजून काय.

पुकारा संपता संपता मध्येच एक आवाज घुसला. हैदराबादचे राव. नसीमच्या शेजारी राहायचे, तेही हॅम, आणि रोज सकाळी सातला त्यांची आणि चाचांची हवेवर गाठ ठरलेली. बाप-लेकीची खुशाली त्या वाटेनं जायची यायची. राव हिंदीत म्हणाले, काल आणि आज रशीदसाहेब भेटलेले नाहीत, मुलगी काळजीत आहे, रात्रभर झोपली नाही, कुणी बघून येईल का? त्यावर कुलकर्णी सर म्हणाले, आणि ते शब्द मला आजही जसेच्या तसे ऐकू येतात, "अहो राव, आत्ता दहा मिनिटांपूर्वी त्यांनी हजेरी लावली! मी स्वतः ऐकलं. एकदम ठणठणीत आहेत. मुलीला सांगा, निश्चिंत राहा." राव म्हणाले, "चला, देवाची कृपा. लगेच सांगतो तिला." आणि सरांनी पुकारा बंद केला.

माझ्याकडं माइक नव्हता. नव्या परवानेवाल्याला आधी मोर्समधूनच बोलायचं असे. "ते चाचा नव्हते, मी होते," एवढं एकेक अक्षर करून हवेवर टाकायला मी खटक्यावर बोट ठेवलं होतं, आणि बोट हललं नाही. मघाशी विजेसारखं चाललेलं बोट. दुसऱ्याच्या कॉलसाइननं बोलणं हा गुन्हा होता, परवाना जाण्याइतका. तो देवांच्या शेजारचा परवाना. मी समोर बघितलं तर काचेत माझाच चेहरा दिसत होता. हेडफोन काढला. आई म्हणाली, "झाली का टकटक? या खायला, आज धपाटे केलेत." मी जाऊन बसले. दह्याबरोबर एक धपाटा खाल्ला. होय, खाल्ला. तोंडात फिरत होता, पण खाल्ला. मनाची समजूत घालत होते की चाचा झोपले असतील, यंत्राचं काही झालं असेल, दुपारी आपणच सायकलीनं जाऊन येऊ, कुणाला कळायचंही नाही. दोन दिवस रावांना भेटले नाहीत, हे मात्र त्या समजुतीत काही केल्या बसेना. आईनं दुसरा धपाटा वाढला तशी मी रडायलाच लागले.

"काय झालं गं? सिंधे? काय झालं?" आई ओरडली, मालकीणबाई खालून "काय झालं?" म्हणाल्या. मी आबांना म्हणाले, "आबा, मी चाचांची हजेरी लावली. ते नव्हतेच. आता सगळ्यांना वाटतंय ते ठीक आहेत, कुणीच जाणार नाही बघायला." आबांना कॉलसाइन, पुकारा यातलं काही कळत नव्हतं, पण खोटी हजेरी म्हणजे काय हे कारकुनाला बरोबर कळतं. ते उठले. मला वाटलं आता एक बसणार. त्यांनी खुंटीवरची टोपी घातली आणि म्हणाले, "चप्पल घाल. रागवायचं ते मागनं बघू." उभ्या जन्मात घासाघीस केल्याशिवाय रिक्षात न बसलेला माझा बाप त्या दिवशी भाडं न विचारता बसला आणि रिक्षावाल्याला म्हणाला, "मुकुंदवाडी. लई जोरात घे बाबा."

रस्ताभर मी देवाला काय काय कबूल केलं त्याची यादी केली तर हसाल. परवाना जाऊ दे, शिक्षण सुटू दे, फुलंब्रीच्या शेतावर खुरपायला जाईन, पण म्हातारा जिवंत असू दे. चाचांच्या शेजारच्या घराला कुलूप होतं, सगळे लग्नाला गेलेले. चाचांचं दार आतून कडी लावलेलं. आबांनी हाक मारली, मी हाक मारली. काही नाही. मग आतून फार बारीक, कुणीतरी घसा साफ केल्यासारखा आवाज आला. इतका गोड आवाज मी आयुष्यात दुसरा ऐकलेला नाही, माझ्या पोरांचं पहिलं रडणंसुद्धा धरून सांगते. आबांनी आणि रिक्षावाल्यानं खांदा लावून कडी तोडली.

चाचा खाटेवर पडून होते. शुक्रवारी रात्रीपासून उलट्या-जुलाब. ओठ फुटलेले, डोळे खोल गेलेले, खाटेखालचा तांब्या कोरडा पडून आडवा झालेला. उठायला गेले की चक्कर येऊन परत पडत होते. मी "चाचा" म्हणाले तर त्यांनी डोळे उघडले आणि एकच शब्द बोलले, "पानी." आबांनी त्यांना लहान मुलासारखं उचललं. सरकारी दवाखान्यात सलाइन लावली, एक संपली, दुसरी लावली. तरुण डॉक्टर आबांना बाजूला घेऊन म्हणाला, आता धोका नाही, पण बरं झालं सकाळीच आणलंत, या उन्हात संध्याकाळपर्यंत राहिले असते तर मी काही सांगू शकलो नसतो. "धोका नाही" हे ऐकून मी तिथंच व्हरांड्यातल्या फरशीवर बसले. आबा माझ्याशेजारी फरशीवर बसले. धोतराची पर्वा न करता. डोक्यावरून एकदा हात फिरवला आणि म्हणाले, "जगला गं म्हातारा." त्यांचेही डोळे भरलेले होते.

निरोप मिळाल्यावर कुलकर्णी सर आले. मी उभी राहून सगळं सांगितलं, काही न वगळता. त्यांचा चेहरा पांढरा पडला. "मी त्या मुलीला सांगितलं की तिचा बाप ठणठणीत आहे," ते म्हणाले. "माझ्या तोंडानं सांगितलं. पुकारा म्हणजे काय पोरखेळ वाटला तुला? अगं, आपल्याकडं दुसरं आहे काय? ना पैसा, ना इमारत. एकानं हाक मारायची, दुसऱ्यानं खरं उत्तर द्यायचं, एवढाच तर क्लब आहे." मी मान खाली घालून ऐकलं. एक अक्षर चुकीचं नव्हतं. मग ते घरी जाऊन हवेवर आले आणि रावांना खरं ते सांगितलं, कुणाचं नाव न घेता, चूक आमच्याकडून झाली म्हणून. नसीम दुसऱ्या दिवशीच्या गाडीनं आली. पुढं क्लबानं माझा खटका सहा महिने बंद ठेवला आणि फुली पडलेल्यांच्या घरी सायकल मारायचं काम त्या सहा महिन्यांत माझ्या एकटीकडं दिलं. नाष्ट्याचा दंड सरांनी कायमचा रद्द केला. परवान्याबद्दल ते वर कळवतील म्हणून मी कितीतरी दिवस पोस्टमनकडं बघत होते. त्यांनी कळवलं नाही. का कळवलं नाही हे मी कधी विचारलं नाही, त्यांनीही कधी सांगितलं नाही.

चौथ्या दिवशी चाचा उशीला टेकून बसले. आई मऊ भात आणि ताक घेऊन आली होती, नसीम औषधं आणायला खाली गेली होती. चार दिवस मी त्यांच्या समोर जायचं टाळत होते, आईच्या पाठीमागं उभी राहायची. चाचांनीच हाक मारली. "सिंधू बेटा, सामने आ. एक बात बताना है." आणि मग त्यांच्या त्या मराठी-दखनीच्या मिसळीत त्यांनी जे सांगितलं ते मला आजपर्यंत पुरलं आहे.

पुकारा ऐकायचा रेडिओ चालू होता. खाटेच्या उशाशीच होता ना तो, पडल्या पडल्या हात लांबवून त्यांनी लावला होता. यंत्र आणि खटका मात्र खोलीच्या दुसऱ्या टोकाला, तिथवर जायची ताकद नव्हती. "कुलकर्णीनं पहिल्यांदा पुकारलं," चाचा म्हणाले. "मी म्हटलं, पुकार बाबा. दुसऱ्यांदा पुकारलं. तिसऱ्यांदा पुकारलं तेव्हा जिवात जीव आला. म्हटलं, आता फुली पडणार. फुली पडली की कुणीतरी येणार. आणि मग... मग मीच बोललो."

आईला काही कळलं नाही, ती वाटी हातात धरून बघत राहिली.

"मेरा हात. वोईच लंबी लकीर, वोईच दो नुक्ते. अल्ला कसम, मला वाटलं मी मेलो. मेल्यावर असं ऐकू येत असेल आपलंच. मग हैदराबादवाला आला, आणि कुलकर्णी म्हणाला, ठणठणीत आहेत." चाचा हसायला लागले, हसता हसता खोकले. "तेव्हा कळलं मला. मेरा हात इस शहर में एकीच बच्ची के पास है. मग मी गप पडून राहिलो. साऱ्या क्लबाला वाटतंय रशीद हजर आहे. तो हजर नाही, हे फक्त तुला ठाऊक. आता दुसरं कुणी येणार नाही, आणि तू आल्याशिवाय राहणार नाहीस. फुली पडली असती तरी कुलकर्णी काय, जेवून झोपून चार वाजता सायकल काढतो."

मी त्यांचे पाय धरले. सर चुकले होते असं मी तेव्हा म्हटलं नाही आणि आजही म्हणत नाही. म्हातारपणी सरांचं रागावणं आणि चाचांचं हे बोलणं, दोन्ही गोष्टी खऱ्या वाटतात आणि त्यांचं भांडण लावायची मला गरज वाटत नाही. चाचांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि अगदी सहज विचारलं, "सुनते ही निकली ना बेटा? लगेच निघालीस ना?"

हो म्हणता आलं असतं. तो माणूस ते "हो" आनंदानं घेऊन घरी गेला असता. आईनं माझ्याकडं बघितलं आणि नजर वाटीत घातली.

"नाही चाचा," मी म्हणाले. "अर्धा तास बसून राहिले. परवाना जाईल म्हणून घाबरले. धपाटा खाल्ला."

चाचा म्हणाले, "हौ, मेरेकू बी ऐसाच लग्या. रिक्षा का आवाज आने तक मैं तेरे को गाल्यां दे रा था."

"कोणत्या?" मी रडता रडता विचारलं.

"तुझ्या आईसमोर सांगण्यासारख्या नाहीत."

आई फसकन हसली. मग चाचा, आणि मग मी, नाक पुसत. चाचांनी आईच्या हातातली भाताची वाटी मागून घेतली, आणि आम्ही दोघी ते सगळा भात संपवेपर्यंत तिथंच बसून राहिलो.